रोज बॉडी कव्हर घाला, पण रंगावर चरे पडू देऊ नका

उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला कव्हर घालावे की नाही, यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन टोकांची मते हमखास ऐकू येतात. काहींच्या मते कव्हरमुळे रंग टिकतो, तर काहींच्या मते कव्हरमुळेच रंग जातो, आणि दोन्ही बाजूंना दाखवायला एकेक गाडी असते. दोघांचेही अर्धे बरोबर आहे, कारण कापड स्वतः रंगाला ओरखडत नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेला कण ओरखडतो, आणि तोही नुसता पडून असताना नाही, तर कापडाबरोबर सरकताना. त्यामुळे रोज कव्हर वापरणाऱ्याला दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात: मध्ये कण राहू द्यायचा नाही आणि कापड रंगावरून घासत न्यायचे नाही. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती या दोहोंपैकी एका कारणासाठी आहे.

चरे कशाने पडतात

आजच्या गाड्यांचा रंग थरांचा असतो. खाली प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी त्याची रचना असते. सगळे थर मिळून जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या एका केसाहूनही बहुधा पातळ असतो. चमक असते ती याच थराची आणि बारीक चरे पडतात तेही याच थरावर. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापनावर काच साडेपाचच्या आसपास येते, वाळूतले क्वार्ट्झ 7 वर असते, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातली मुख्य खनिजे 5 ते साडेसहाच्या दरम्यान असतात. क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या जातीचा थर आहे. तो या सर्वांपुढे मऊच ठरतो.

पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक किंवा मुंबईची उपनगरे, कुठेही पाहिले तरी घराच्या आसपास एखादे बांधकाम चालू असतेच. तिथे नदीच्या वाळूऐवजी आता दगड फोडून केलेली क्रश सँड वापरतात. नदीत वाहून गुळगुळीत झालेल्या वाळूपेक्षा हिच्या कणांना कडा अधिक असतात, आणि तिचा भुरा वाऱ्यावर उडून बॉनेटवर येऊन बसतो. कोकण-गोव्याकडे जांभ्याची लाल धूळ आणि किनाऱ्याची वाळू असते, तर चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोळशाची भुकटी आणि राख असते. तुमच्या गाडीवर नेमके काय बसते, हे एकदा ओल्या पांढऱ्या फडक्यावर टिपून पाहावे. धूळ बोटांत चोळल्यावर पिठासारखी लागली तर धोका थोडा कमी आहे असे समजावे; कचकच लागली, तर या लेखातली एकही पायरी गाळू नये.

भर उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली बॉनेटवर जे गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात, ते खरे तर गोल नसतात. वेड्यावाकड्या दिशांना असंख्य सूक्ष्म रेघा असतात, आणि प्रकाशाच्या बिंदूभोवती ज्या रेघा योग्य कोनात असतात तेवढ्याच चमकून वर्तुळाचा भास होतो. कव्हर ओढल्याने पडलेले चरे मात्र बहुतेक वेळा एकाच दिशेने, पुढून मागे किंवा छताकडून दरवाजाकडे, सरळ गेलेले दिसतात. हा फरक ओळखता आला की आपल्या गाडीचा रंग कव्हरने घालवला आहे की पुसणाऱ्याच्या फडक्याने, हे बऱ्यापैकी कळते. माझ्या मते शहरातल्या बहुसंख्य गाड्यांवरचे चरे फडक्याचेच असतात आणि दोष उगाच कव्हरच्या माथी मारला जातो.

आपल्याला रोज कव्हर खरोखर हवे आहे का

हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारावा. कव्हर उन्हापासून, पक्ष्यांच्या विष्ठेपासून आणि झाडांवरून गळणाऱ्या चिकट्यापासून वाचवते, आणि हे तीनही शत्रू खरे आहेत. विष्ठेत युरिक आम्ल असते. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर ती काही तास राहिली तरी क्लिअर कोटवर कायमचा डाग उमटू शकतो. माघ-फाल्गुनात आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकट स्राव खालच्या गाड्यांवर बारीक थेंबांनी बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पुढे काळी बुरशी धरते. जांभूळ, उंबर आणि वटवाघळे यांच्याबद्दल त्यांच्याखाली गाडी लावणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मात्र जी गाडी दिवसातून तीन-चार वेळा बाहेर पडते, कच्च्या रस्त्याने परतते आणि परतल्यावर जिच्यासाठी दहा मिनिटेही काढता येत नाहीत, तिला रोज पूर्ण कव्हर घालू नये. धुळीच्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा ती उघडी ठेवलेली बरी, कारण उघड्या गाडीवरची धूळ निदान पाण्याने वाहून जाते. अशा गाडीसाठी फक्त छत आणि काचा झाकणारे अर्धे कव्हर हा चांगला मध्यममार्ग आहे. सर्वांत जाडी रेती चाकांतून उडून दरवाजांच्या खालच्या भागावर बसते. हॅचबॅक आणि एसयूव्हीच्या सरळ पाठीमागे हवेचा दाब कमी होऊन धूळ आत ओढली जाते, म्हणून मागचा दरवाजाही नेहमी सर्वांत मळका असतो. अर्धे कव्हर नेमक्या या दोन भागांना स्पर्श करत नाही, आणि ऊन व विष्ठा यांचा मारा जिथे सर्वाधिक होतो ते छत मात्र झाकते. सोसायटीने परवानगी दिली तर शेडनेट किंवा पत्र्याची शेड याहूनही उत्तम, कारण तिचा रंगाशी संबंधच येत नाही.

कव्हर निवडताना

बाजारात ‘सिल्व्हर’ म्हणून मिळणारी बहुतेक स्वस्त कव्हरे पातळ पॉलिएस्टरच्या कापडावर एका बाजूने चंदेरी लेप दिलेली असतात. ऊन परतवण्याचे काम ती ठीक करतात, पण त्यांना आतून अस्तर नसते, शिवण उघडी असते आणि वर्षा-दीड वर्षाच्या उन्हानंतर लेपाचे पापुद्रे सुटू लागतात. रोजच्या वापरासाठी आतून मऊ, किंचित लव असलेले अस्तर हवे. याचे कारण केवळ मऊपणा नाही. गुळगुळीत कापडावर कण थेट रंगावर दाबला जातो, तर लवेत तो थोडा आत जाऊन बसतो. याच गुणाची दुसरी बाजू अशी की अस्तर धूळ साठवते, म्हणून ते वेळेवर धुवावेच लागते.

विणकाम नसलेल्या बहुपदरी पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरांतून हवा खेळते आणि आतला ओलावा बाहेर पडतो, म्हणून दमट हवेत ती बरी पडतात. पण सततच्या कडक उन्हात हे कापड ठिसूळ होते. विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तिथे ते कोकणाइतके टिकेल ही अपेक्षा ठेवू नये. पूर्णपणे जलरोधक, रबरासारखे भासणारे कव्हर रोजच्या वापराला घेऊच नये; त्याखाली बाष्प कोंडते आणि उन्हात तापल्यावर त्याचा लेप रंगाला चिकटतो.

मापाच्या बाबतीत तडजोड करू नये. ‘एकच कव्हर सर्व गाड्यांना’ ही सोय दुकानदाराची असते. सैल कव्हर वाऱ्यात फडफडते आणि फार घट्ट कव्हर आरशांवर, बॉनेटच्या कडेवर व डिकीच्या कोपऱ्यांवर ताणून बसते; चरे सर्वप्रथम याच जागी दिसतात. आपल्या मॉडेलचे, आरशांना वेगळे खिसे असलेले, पुढे-मागे इलास्टिक असलेले आणि पोटाखालून बांधायचे दोन पट्टे असलेले कव्हर घ्यावे. छतावर शार्क-फिन अँटेना, म्हणजे माशाच्या परासारखा बुटका अँटेना, असेल तर तिथेही जागा हवी. दरवाजा उघडण्यासाठी चेन दिली असल्यास तिच्या आतून कापडी पट्टी आहे ना, हे बोट घालून पाहावे.

दुकानात किंवा घरी आल्यावर एक सोपी चाचणी करता येते. जुन्या सीडीची चमकदार बाजू ओल्या कापडाने स्वच्छ पुसून घ्यावी, कव्हरचे अस्तर बोटाभोवती धरून तिच्यावर हलक्या दाबाने आठ-दहा वेळा फिरवावे आणि सीडी उजेडात तिरकी धरावी. सीडीचे प्लास्टिक क्लिअर कोटपेक्षाही लवकर ओरखडते, त्यामुळे तिच्यावर एखाद-दुसरी अस्पष्ट रेघ आली तर घाबरण्याचे कारण नाही. पण धुक्यासारखा पट्टा उमटला, तर ते कव्हर परत करावे. आतल्या शिवणींचीही अशीच परीक्षा घ्यावी. नायलॉनच्या जाड दोऱ्याची शिवण बहुधा कापडापेक्षा खरबरीत निघते. ती ज्या ठिकाणी बॉनेटच्या कडेवर येते, तिथे आतून मऊ मायक्रोफायबरची पट्टी शिवून घेणे हे शिंप्याचे अर्ध्या तासाचे काम आहे.

आणखी एक किरकोळ वाटणारी पण रोज उपयोगी पडणारी गोष्ट करावी. कव्हरच्या पुढच्या कडेला आतून-बाहेरून दिसेल असा लाल फितीचा तुकडा शिवून घ्यावा. अंधारात कव्हर उलटे घातले जाते, लक्षात आल्यावर ते गाडीवरच गोल फिरवले जाते, आणि या एका फिरवण्यात महिनाभराची काळजी वाया जाते.

घालण्यापूर्वी: थंड, कोरडी आणि कणमुक्त गाडी

गाडी उभी केल्यावर लगेच कव्हर घालू नये. सायलेन्सर, इंजिन आणि ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 अंशांना वितळते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कापड चिकटल्याच्या खुणा आपल्याकडच्या अनेक कव्हरांवर दिसतात. निदान अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या बॉनेटवर पाणी मारल्यास ते सुकून क्षारांचे ठसे उरतात, त्यामुळे धुण्यासाठीही हीच वाट पाहणे हिताचे असते.

त्यानंतर गाडीची परीक्षा घ्यावी. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटांची टोके बॉनेटवर आणि दरवाजाच्या मध्यावर अगदी हलकेच टेकवून जेमतेम इंचभर सरकवावीत. पिशवीमुळे उघड्या बोटांना न कळणारा कणही टोचल्यासारखा जाणवतो. बॉनेटवर नुसती भुकटी आणि दरवाजाच्या खाली कचकच, हे शहरातल्या गाडीचे नेहमीचे चित्र आहे. परीक्षा म्हणून सगळ्या गाडीवर हात फिरवू नये. तो स्वतःच एक ओरखडा ठरेल.

भुकटी काढायला कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू कधीही वापरू नये. हवेच्या झोताने धूळ उडवणारा छोटा विजेचा ब्लोअर असेल तर छतापासून सुरुवात करून खाली यावे आणि झोत तिरका धरावा. ही सफाई पाण्याविना आणि स्पर्शाविना होते, म्हणून रोज कव्हर घालणाऱ्याने पहिली खरेदी हीच करावी असे मी म्हणेन. मात्र बांधकामाचा भुरा दवात भिजून चिकटला असेल तर ब्लोअरला तो दाद देत नाही.

अशा वेळी पाणी हवेच. पाइप लावून गाडी धुण्याची सोय आता फार थोड्या सोसायट्यांत उरली आहे आणि उन्हाळ्यात टँकर येत असताना ते शोभतही नाही; पण कुंड्यांवर फवारा मारण्याचा दोन लिटरचा हातपंप पुरेसा होतो. त्यात पाणी आणि रिन्सलेस वॉशचे (नंतर पाण्याने धुवावा न लागणाऱ्या शाम्पूचे) द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात भरावे, छतापासून खालपर्यंत भरपूर फवारावे आणि दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे कण सुटे होऊन त्यांच्याभोवती वंगणासारखा थर तयार होतो. मग मोठ्या मायक्रोफायबर फडक्याची दोनदा घडी घालावी. अशा घडीला एकूण आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकच पट्टा, एकाच दिशेने, दाब न देता पुसावा आणि पुढच्या पट्ट्याला नवी बाजू घ्यावी. फडके गोल फिरवू नये. दरवाजांचा खालचा तिसरा भाग आणि मागचा बंपर यांना शेवटी, वेगळे फडके घेऊन हात लावावा, आणि ते फडके पुन्हा बॉनेटवर जाणार नाही याची खूण म्हणून ते वेगळ्या रंगाचे ठेवावे.

पाण्याविषयी एक सूचना करावीशी वाटते. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने पुष्कळ जण आरओचे वाया जाणारे पाणी गाडीला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. चाके आणि पायपोस यांसाठी ते खुशाल वापरावे. काचा आणि रंगावर शेवटचा हात मात्र मऊ पाण्याचा असावा. बोअरचे पाणीही बहुतेक ठिकाणी जड असते, तेव्हा तेच वापरायचे असल्यास गाडीवर सुकू न देता ताबडतोब टिपून घ्यावे.

राहता राहिले सकाळी गाड्या पुसायला येणारे. एका बादलीत दहा-बारा गाड्या पुसण्याचा मोबदलाच त्यांना इतका थोडा मिळतो की प्रत्येक गाडीला नवे पाणी घ्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना काम बंद करायला न सांगता आतून काचा, चाके आणि पायपोस एवढेच करायला सांगावे, आणि रंगाला हात लावायचाच असेल तर आपले फडके आपण द्यावे.

शेवटी आरशांच्या सांध्यांत, दरवाजाच्या कडांत आणि नंबरप्लेटमागे साचलेले पाणी टिपावे. ओल्या गाडीवर कव्हर घातल्यास बाष्प अडकून क्लिअर कोटवर पांढुरकी झाक येऊ शकते.

कव्हर घालणे

नियम एकच आहे: कापड उचलून ठेवावे, ओढून नेऊ नये. आधी वायपर, अँटेना आणि छतावरच्या दांड्या यांवर काही अडकणार नाही हे पाहावे व शक्य असल्यास आरसे मिटावेत. गुंडाळी (ती कशी करायची हे पुढे आले आहे) छताच्या मध्यावर अलगद ठेवावी आणि लाल फितीची बाजू पुढे येईल अशी उलगडत बॉनेटवरून पुढच्या बंपरपर्यंत न्यावी. उलगडताना कापड लोळत पुढे जाते, सरकत नाही, आणि गुंडाळी करण्याचा खरा फायदा हाच आहे. पुढचे इलास्टिक बंपरखाली अडकवल्यावर मागे येऊन उरलेली गुंडाळी डिकीवरून तशीच उलगडावी. आता छतावर कापडाची लांब, अरुंद पट्टी तयार असते. तिच्या दोन्ही बाजू एकेक करून हातांनी वर उचलाव्यात, बाहेरच्या दिशेला धराव्यात आणि दरवाजावर खाली सोडाव्यात. आरशाचा खिसा आरशावर आधी बसवावा, मग बाकीची बाजू खाली घ्यावी. आधी कड खाली ओढून नंतर खिसा शोधला तर कापड आरशाच्या कवचावर घासते, आणि आरशावरचे ते चरे गाडी घेऊन वर्ष झाल्यावर अगदी हमखास दिसतात.

दोघे जण असतील तर समोरासमोर उभे राहून हे काम दोन मिनिटांत होते. एसयूव्हीसाठी एकट्याने करणाऱ्याने छोटा स्टूल घ्यावा. छतापर्यंत हात पोहोचत नसला की माणूस कापड खेचतोच. स्टूलवर चढताना बेल्टचे बकल आणि हातातले घड्याळ दरवाजाला लागणार नाही, एवढे पाहावे.

पट्ट्याचे बकल गाडीखालून पलीकडे भिरकावण्याची सवय फार जणांना असते. ते पलीकडच्या दरवाजाच्या खालच्या कडेवर आपटते. त्यापेक्षा जुन्या छत्रीच्या दांड्याने पट्टा पलीकडे ढकलावा आणि बकलवर जुना मोजा चढवावा. पट्टा ताणावा, पण कापडावर घडीची रेघ उमटेल इतका आवळू नये.

कव्हर काढणे आणि गुंडाळणे

रात्रभरात कव्हरवर धूळ, पाने आणि विष्ठा पडलेली असते. पाने हाताने उचलावीत. सुकी विष्ठा खरवडू नये, फवारा मारून मऊ झाल्यावर टिपावी. कव्हर झटकण्याचा मोह गाडीवर असताना टाळावा, कारण झटक्यासरशी आतले अस्तर रंगावर आपटते.

पट्टे सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या कडा वर उचलून छताच्या मध्यावर आणाव्यात. असे केल्यावर बाहेरची धुळीची बाजू बाहेरच्याच बाजूला चिकटते आणि दोन थरांच्या मध्ये बंद होते, तर अस्तर वरच्या अंगाला मोकळे दिसते. आता पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही टोकांपासून छताच्या मध्याकडे गुंडाळत यावे. गुंडाळताना अस्तराला अस्तरच लागते, धूळ आतल्या कप्प्यातच राहते, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर टेकणारी बाजू स्वच्छ असते. लोक घाईत एका टोकाला धरून कव्हर खेचून काढतात आणि हातातच त्याचा बोळा करतात. या बोळ्यात आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींत मिसळते, म्हणजे बाहेरची धूळ अस्तरावर जाते आणि संध्याकाळी ती रंगावर येते. रोजच्या वापरात कव्हरमुळे होणाऱ्या नुकसानीचा मोठा वाटा या बोळ्याचा असतो असे मला वाटते.

गुंडाळी जमिनीवर ठेवू नये. अस्तर पार्किंगच्या फरशीला लागले तर ते कव्हर त्या दिवशी बाद समजावे. ते घरी नेऊन धुवून, निदान ओल्या फडक्याने पुसून मगच पुन्हा वापरावे. ठेवायला धुता येण्याजोगी मोठी कापडी पिशवी किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरावा आणि तो डिकीत जॅक व स्टेपनीजवळ ठेवणे टाळावे. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने कव्हर बाहेरून ओले असते. ते तसेच बंद केल्यास कुबट वास आणि बुरशी ठरलेली, म्हणून ते दिवसा बाल्कनीत पसरून ठेवावे.

वारा आणि पाऊस

घालताना आणि काढताना मिळून कापड पाच मिनिटे हलते; वाऱ्यात ते रात्रभर हलते. एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या आधी येणारे वावटळीसारखे वारे सैल कव्हरला फुगवतात, आणि प्रत्येक झोताबरोबर त्याची कड बंपरवर घासते. शक्य असल्यास गाडी भिंतीच्या आडोशाला आणि तोंड वाऱ्याकडे करून लावावी, दोन्ही पट्टे बांधावेत आणि कुठे कापड फुगते ते बाहेरून पाहावे. कव्हरवरून नायलॉनची दोरी बांधणे किंवा छतावर वीट ठेवणे हे उपाय उपयोगाचे नाहीत. दोरीखालचा कण जास्त दाबाने फिरतो आणि विटेने पत्राच दबतो. वादळाचा इशारा असेल त्या रात्री गाडी उघडी ठेवावी.

पावसाळ्याबद्दल माझे मत ठाम आहे: जून ते सप्टेंबर रोजचे कव्हर बंद ठेवावे. कोकणात आणि मुंबईत तर कव्हर वाळायलाच वेळ मिळत नाही. ओले कव्हर जड होते, रंगाला चिकटते आणि काढताना सरकवावेच लागते. पावसाच्या आधी गाडी नीट धुवून चांगले मेण किंवा सीलंट (मेणासारखाच कृत्रिम संरक्षक लेप) लावावे. त्याने चरे थांबत नाहीत, पण घर्षण कमी होते आणि घाण सहज सुटते. सिरॅमिक कोटिंगलाही चरे पडतात, त्यामुळे ‘कोटिंग आहे, कव्हर कसेही घाला’ हा सल्ला ऐकू नये. बॉनेट, आरसे आणि दरवाजांच्या कडा यांवर लावलेली पारदर्शक संरक्षक फिल्म मात्र चऱ्यांपासून खरे रक्षण देते. ती जाड असते आणि तिच्या चांगल्या प्रकारांत बारीक रेघा उन्हाच्या उष्णतेने भरूनही येतात.

कव्हरची निगा

दर दोन-तीन आठवड्यांनी, धूळ फार असेल तर त्याहून लवकर, कव्हर धुवावे. गच्चीवर आधी बाहेरची बाजू पाण्याने साफ करावी, मग उलटे करून अस्तर सौम्य साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवावे आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्यावे. कपडे मऊ करणारे द्रव आणि ब्लीच वापरू नये. सावलीत, दोरीवर टाकून पूर्ण वाळवावे. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या रुमालाने अस्तरावर चार ठिकाणी टिपून पाहावे. रुमाल करडा झाला तर धुणे अपुरे झाले आहे. चंदेरी लेप हाताला लागू लागला, अस्तराच्या गोळ्या झाल्या किंवा इलास्टिक सैल पडून कव्हर फडफडू लागले, की ते गाडीवरून निवृत्त करून माळ्यावरच्या सामानावर टाकावे.

तीन विशेष प्रसंग

दिवाळीत कव्हर गाडीला वाचवेल असे वाटते, पण रॉकेटची ठिणगी पडली की कृत्रिम धाग्याचे कापड वितळून रंगाला चिकटते आणि नुसत्या ठिणगीने झाले असते त्याहून मोठे नुकसान होते. त्या रात्री गाडी छपराखाली हलवता येत नसेल तर ती उघडीच ठेवलेली बरी.

अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागावर किमान महिनाभर कव्हर घालू नये. त्या रंगातली द्रव्ये उडून तो पूर्ण कठीण व्हायला वेळ लागतो आणि तोवर अस्तराचा ठसासुद्धा त्यावर उमटू शकतो.

बरेच दिवस कव्हरखाली राहिलेल्या गाडीत उंदीर घर करतात आणि थंडीत मांजरे चाकांवर झोपतात. चार दिवसांहून अधिक काळ गाडी बंद असेल तर कव्हर काढल्यावर बॉनेट उघडून वायर आणि एअर फिल्टरचा डबा पाहावा, मगच चावी फिरवावी.

आधीच पडलेल्या चऱ्यांचे काय

नखाला न अडकणारे चरे पॉलिशने जातात, नखाला अडकणारे बहुधा जात नाहीत. मात्र पॉलिश म्हणजे चरा भरणे नसून आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणे आहे. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि मुळात थर 35 ते 50 मायक्रॉनचाच असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी दरवर्षी ‘रबिंग-पॉलिश करून देतो’ असे सांगितले जाते तेव्हा हा हिशेब आठवावा, आणि काम करून घ्यायचेच असल्यास रंगाची जाडी मोजणारे यंत्र असलेल्या ठिकाणी, आधी मोजून मगच घ्यावे. फक्त आरशांवर आणि दरवाजाच्या खांबांवरील चकचकीत काळ्या पट्ट्यांवर चरे असतील, तर सगळी गाडी घासण्याऐवजी तेवढाच भाग हाताने पॉलिश करून त्यावर फिल्म लावून घ्यावी. हे काळे प्लास्टिक गाडीवर सर्वांत आधी ओरखडते आणि कव्हरची कड रोज नेमकी त्याच्यावरूनच खाली येते.